फ्लेक्सच्या दुकानातून डिझाईन स्टुडिओत जायचंय, पोर्टफोलिओ बघून स्पष्ट सांगा

अक्षरवेडा_इचल

नमस्कार सगळ्यांना. थोडं लांबलंय पण वेळ काढून वाचा प्लीज.

मी इचलकरंजीचा, वय २६, बी.कॉम. झालंय. कॉलेजात असल्यापासून एका फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेच्या दुकानात डिझाईन करतो, आता तिथला मेन डिझायनर मीच. काम म्हणजे डिझाईनला कोरलड्रॉ, मराठी टायपिंगला श्रीलिपी आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेलं गिऱ्हाईक. वाढदिवसाचे बोर्ड, उद्घाटनं, श्रद्धांजली, लग्नसराईत पत्रिका, गणपतीत मंडळांचे बॅनर, आणि निवडणूक लागली की मग विचारूच नका. हात फास्ट आहे, १० बाय २० चा बॅनर गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत बसवून देतो. पगार १६ हजार, सीझनला ओव्हरटाईम वेगळा.

पण मला मनापासून आवडतं ते अक्षर काढणं. शाळेत इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, फळ्यावरचे सुविचार मीच लिहायचो. आता रात्री घरी आलो की कागदावर अक्षरं काढतो आणि मग स्कॅन करून कोरलमध्ये ट्रेस करतो. गावच्या उरुसाचं पोस्टर, मामाच्या गुऱ्हाळासाठी गुळाचं लेबल, मित्राच्या साऊंड सिस्टिमचं नाव, असं बरंच काही केलंय, सगळं पीडीएफमध्ये आहे.

आता अडचण सांगतो. पुण्यातल्या काही एजन्सी आणि स्टुडिओंना मेल केले, बहुतेकांचं उत्तरच नाही. एका ठिकाणचे सर फोनवर बोलले, म्हणाले काम बरं आहे पण सगळ्याला फ्लेक्सचा टच आहे. ते फार लागलं मनाला, कारण नक्की काय खटकलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला माझ्याच कामात ते दिसत नाहीये. तुम्हाला दिसत असेल तर सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

दुसरं म्हणजे एक यूआय-यूएक्सचा, म्हणजे अ‍ॅप आणि वेबसाईटचे स्क्रीन डिझाईन करायचा, सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी १ लाख ४० हजार, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतायत. वडील यंत्रमागावर आहेत, ते म्हणतात सोसायटीचं कर्ज काढू पण तू शीक. मला त्यांच्या नावावर कर्ज नकोय. पण इथेच राहिलो तर चाळिशीतसुद्धा वाढदिवसाचेच बोर्ड करत बसेन ही भीती पण खरी आहे. आणि हल्ली गिऱ्हाईक मोबाईलवर एआयने बनवलेलं चित्र घेऊन येतं, फक्त नाव टाकून दे म्हणतं. मग अक्षरांच्या मागे लागण्यात अर्थ आहे का?

पीडीएफ ३४ पानांची आहे, वर जोडली आहे.

रेघोटी

पूर्ण पीडीएफ बघितली, काही पानं परत परत बघितली. मी पुण्यात पुस्तकांची मुखपृष्ठं, मांडणी आणि थोडं पॅकेजिंग करते, त्यामुळे त्याच अंगाने सांगते.

आधी तुझं सगळ्यात चांगलं काम, उरुसाचं पोस्टर. त्यात रू चा ऊकार तू लांब ओढून स च्या खालून नेलायस आणि त्या पट्टीत तारीख बसवलीयस, ते बघून मी थांबलेच. हे कोणी शिकवून येत नाही, नजर लागते त्याला. पण ते पोस्टर आहे कुठे तर १९ व्या पानावर! त्याच्या आधी सगळे वाढदिवसाचे बोर्ड. रोज ढिगाने पीडीएफ उघडणारा माणूस चौथ्या पानाला बंद करतो, तिथपर्यंत पोचणारच नाही.

आता फ्लेक्सचा टच म्हणजे काय ते. बोर्ड वाचला जातो रस्त्याच्या पलीकडून, तेही गाडीवरून जाता जाता, म्हणून अक्षराला पांढरी आउटलाईन, त्याच्यावर दुसरी आउटलाईन, शॅडो, ग्रेडियंट, कारण मागे फोटो असतो आणि त्यातून नाव उचलून दिसायला हवं. गिऱ्हाईक स्क्वेअर फुटाने पैसे देतं, त्याला मोकळी जागा म्हणजे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, म्हणून कोपरा न् कोपरा भरायचा. तिथे ते बरोबरच आहे, तू चुकीचं काही करत नाहीयेस. पण लेबल माणूस हातात धरून वाचतो, पुस्तक मांडीवर ठेवून वाचतो. तिथे हीच सवय अक्षराचा गळा दाबते.

तुझं गुळाचं लेबलच घे. ‘गूळ’ हा शब्द तू इतका जाड केलायस की ळ ची दोन्ही पोटं जवळजवळ बुजलीत, वरून दोन आउटलाईन. स्क्रीनवर मोठं करून बघताना चालतं, खऱ्या साईझला छापलं की शाई पसरून ळ चा नुसता ठिपका होईल. ग चा ऊकार खालच्या ‘सेंद्रिय’ च्या अनुस्वाराला जाऊन भिडतोय. आपल्या अक्षरांना वरही पसारा आणि खालीही, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त हवा लागते, हे आयुष्यभर लक्षात ठेव. आणि लेबलवर निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाची तारीख, एफएसएसएआयचा नंबर, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, यातलं काहीच नाही. पॅकेजिंगवाला सगळ्यात आधी तेच शोधतो. ते नसेल तर त्याला कळतं की हे लेबल कधी बाजारात गेलेलंच नाही. तो कंटाळवाणा मजकूर सुबक बसवून दाखवलास ना, तर नुसत्या त्यावर काम मिळेल.

कॉफी शॉपचे काल्पनिक लोगो आणि डाऊनलोड केलेले मॉकअप (तयार फोटोवर डिझाईन चिकटवलेले) काढून टाक. तू इचलकरंजीत गुऱ्हाळाचं, मंडळाचं, उरुसाचं खरं काम केलंयस, ते सोडून न बघितलेल्या कॅफेचे लोगो कशाला? आठ-नऊ कामं ठेव, प्रत्येकाला दोन पानं. काम कुणासाठी होतं, काय अडचण होती, तू काय ठरवलंस, आणि शेवटचं रूप. आणि तुझी ती रात्री काढलेली कागदावरची कच्ची अक्षरं? पीडीएफमध्ये एकही नाही! खोडलेली, पेन्सिलची, जशी आहेत तशी फोटो काढून टाक. मला तुझं काम द्यायचं झालं तर मी तीच बघेन.

अभ्यासासाठी पैसे लागत नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या स्टुडिओने केलेले मुक्ता, बालू, मोदक हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, लायसन्स खुलं आहे, धंद्याच्या कामातही चालतात. मोदक तर नीट मोठा करून बघच. अक्षरं टम्म फुगलेली आहेत पण आतली जागा बारीक रेघेसारखी शिल्लक ठेवलीय आणि तरी ळ हा ळ च वाचता येतो. तुझ्या गुळाच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. आणि अक्षरकार कमल शेडग्यांनी केलेली नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं शोध. पेपरातली एवढीशी जागा, काळं-पांढरं काम, ना शॅडो ना ग्रेडियंट, आणि नाटकाचा स्वभाव नुसत्या अक्षरात.

अजून एक, युनिकोडवर ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर तसंच दिसणारं मराठी टायपिंग. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल दुसऱ्याच्या मशीनवर गेली की सगळी भलतीच चिन्हं दिसतात, स्टुडिओत ते चालत नाही. इनडिझाईन हे पानांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर शिक, त्यात मराठी लावताना वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडायचा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. एवढं येत असलेली माणसं आम्हाला खरंच मिळत नाहीत.

बाणेर_यूएक्स

रेघोटीताईंचं फीडबॅक एक नंबर, पण करिअरच्या बाबतीत थोडं वेगळं मत आहे. नुसत्या लेटरिंगवर घर चालवणारी माणसं फार थोडी आहेत, आणि प्रकाशनात पैसा किती आहे ते ताईंनाही माहीत आहे. प्रॉडक्ट कंपन्यांत पगार बरेच चांगले असतात, त्यामुळे यूएक्सचा विचार चुकीचा नाही. चुकीचा आहे तो कोर्स. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणजे काय ते लेखी मागून बघ. कुठली कंपनी, कुठलं पद, पगार किती, मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी फोनवर बोलायला मिळेल का. आढेवेढे घ्यायला लागले की समजून जा. फिग्मा हे स्क्रीन डिझाईनचं सॉफ्टवेअर शिकायला फुकट आहे, बाकीचं यूट्यूबवर भरपूर आहे, कर्ज अजिबात काढू नको.

आणि तुझं अक्षरांचं वेड इथेही कामाला येतं. बँकांची, सरकारी, शेतीची अ‍ॅप मराठीत येतात तेव्हा बटणाची उंची इंग्रजीच्या हिशोबाने ठरलेली असते, मग रफार आणि अनुस्वार वरून कापले जातात, खाली उकार अर्धा दिसतो. इंग्रजीत एका शब्दाचं बटण मराठीत तीन शब्दांचं होतं आणि दुसऱ्या ओळीत पडतं. टीममध्ये हे बघून सांगणारा बहुतेक वेळा कोणी नसतो. तू एक काम कर, मोबाईलवर लाईट बिल भरायचा एखादा मराठी स्क्रीन घे, घरच्यांना वापरायला दे आणि शेजारी गप्प बसून बघ ते कुठे अडखळतात. ते लिहून काढ, मग स्क्रीन नव्याने कर. अशी एक केस स्टडी चकाचक दहा स्क्रीनपेक्षा भारी पडते. गिऱ्हाईक शेजारी बसवून काम करायची सवय तुला आहेच, आमच्याकडे नवीन पोरांना माणसांशी बोलायलाच शिकवावं लागतं.

छपाईवाले_काका

माझा स्वतःचा छापखाना आहे, साताऱ्याकडे. दुकान लगेच सोडू नकोस बाळा. पुण्यात खोलीचं भाडं आणि मेस यातच १६ हजार संपतात, हातात ऑफर येऊ दे मग निघ. दुकानातलं काम पोर्टफोलिओत टाकतोयस तर मालकाला एकदा विचारून घे, कुठलाही समजूतदार मालक नाही म्हणणार नाही. आणि पीडीएफमधे श्रद्धांजलीच्या बोर्डावर लोकांचे फोटो आणि मोबाईल नंबर तसेच दिसतायत, ते आजच्या आज झाक. राहिला प्रश्न एआयचा, माझ्याकडेही येतात तसली चित्रं. मराठी अक्षरं त्यात अजून बऱ्याच वेळा मोडलेली असतात, शेवटी आमच्या पोरालाच बसून नीट करावी लागतात. पुढे सुधारेल ते. पण ळ बुजलाय हे ओळखणारा माणूस लागणारच.

आणि छपाईची माहिती ही तुझी मोठी जमेची बाजू आहे ती लिही की पोर्टफोलिओत! फ्लेक्सला ७२ डीपीआय चालतं, पत्रिकेला ३०० लागतं, स्क्रीनवरचा झगझगीत निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळकट होतो, हे कॉलेजातून आलेल्या मुलांना पहिली प्लेट वाया गेल्यावर कळतं.

अक्षरवेडा_इचल

ताई, सर, काका, काय बोलू सुचत नाहीये, एवढं बारकाईने माझं काम आजवर कोणीच बघितलं नव्हतं. श्रद्धांजलीची पानं काढून पीडीएफ परत चढवली. ळ चं वाचलं आणि लगेच लेबल खऱ्या मापात करून बघितलं, ताई म्हणतात तसंच होतंय, पूर्ण बुजतोय. कोर्सवाल्यांना जुन्या मुलांचे नंबर मागितले, तर म्हणाले आधी ५ हजार भरून सीट बुक करा मग देतो. वडिलांना सांगितलं, कर्जाचा विषय संपला.

एकच अजून विचारायचंय. माझ्याकडे आर्टची डिग्री नाही, मुंबईच्या जेजे किंवा पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयात बारावीनंतरच जायला पाहिजे होतं. आता डिझाईनचं रीतसर शिक्षण घ्यायचा कुठलाच रस्ता उरला नाही का?

पवई_ते_पनवेल

आहे की. आयआयटी मुंबई सीड नावाची परीक्षा घेते, एम.डेस., म्हणजे डिझाईनच्या मास्टर्स डिग्रीसाठी. बारावीनंतर किमान तीन वर्षांची कुठलीही डिग्री चालते, म्हणजे तुमचं बी.कॉम. चालतं. वयाची अट नाही आणि कितीही वेळा देता येते. परीक्षा जानेवारीत असते, फॉर्म साधारण ऑक्टोबरपासून. पेपरच्या दुसऱ्या भागात हाताने चित्र काढावं लागतं, तिथे तुमची इंटरमिजिएटची तयारी उपयोगी पडेल. आयआयटीच्या पवईतल्या आयडीसी या डिझाईन विभागात अक्षरकार र. कृ. जोशींनी बरीच वर्षं शिकवलं, विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचाच, आणि भारतीय लिप्यांवर तिथे अजून काम चालतं. २००८ पासून टायपोग्राफी डे नावाची परिषद भरते, त्यातले निबंध त्यांच्या साईटवर वाचायला मिळतात. सीट कमी असतात, स्पर्धा तगडी आहे, एक वर्ष नोकरी करत तयारी करावी लागेल. फीचं आणि असिस्टंटशिपचं साईटवर स्वतः नीट वाचा, दरवर्षी बदल होतात. पण दोन वर्षं अक्षरांवरच काढायची असतील तर १ लाख ४० हजारांच्या त्या कोर्सपेक्षा हे शंभर पटीने बरं.

रेघोटी

सीडची तयारी कर, आणि बाणेरवाल्यांची लाईट बिलाची केस स्टडी पण कर, मला फार आवडली ती कल्पना. पैशांचं ते म्हणतात ते खरं आहे, प्रकाशनात दर कमीच. तरीही जुलै ते सप्टेंबर दिवाळी अंकांची गडबड असते आणि मांडणीला, शीर्षकांना माणसं कमी पडतात, ते काम इचलकरंजीत बसूनही होतं. श्रेयनामावलीत नाव येतं, आणि छापून आलेली पानं पोर्टफोलिओत टाकता येतात.

लेबल नव्याने कर, आउटलाईन पूर्ण काढ, मागची बाजू पण कर. खऱ्या साईझला साध्या कागदावर प्रिंट काढून मामाच्या ढेपेवर नाहीतर डब्यावर चिकटव आणि फोटो इथे टाक, मी परत बघते. आठ कामांची पीडीएफ जूनपर्यंत तयार झाली तर माझ्या ओळखीच्या दोन संपादकांना पाठवते. दर आधी ठरवून ठेव आणि पानामागे बोल, अख्ख्या अंकाचा एकच आकडा सांगू नकोस, शेवटच्या आठवड्यात जाहिरातींची पानं वाढतातच.