तिसऱ्या पाळीनंतर दिवसा झोप का टिकत नाही?

प्रश्न:
मी चाकणच्या एका कारखान्यात काम करतो आणि आमची पाळी दर आठवड्याला बदलते. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी आठला पाठ टेकताच डोळा लागतो, परंतु अकराच्या सुमारास, घरात कसलाही आवाज नसताना, टक्क जाग येते. उलट पहाटे चारला मशिनसमोर उभा असताना पापण्या आपोआप मिटतात. अंग इतके आंबलेले असूनही दिवसा झोप पुरी का होत नाही?

पहिले उत्तर:
झोप केवळ थकव्यावर ठरत नाही. जागेपणी मेंदूत अडिनोसिन नावाचे रसायन साठत जाते व झोपेची ओढ वाढते, म्हणून तुम्हाला आठला लगेच झोप लागते. मात्र तीन तासांत ती ओढ बरीच ओसरली की सूत्रे मेंदूतल्या घड्याळाकडे जातात. दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर सुमारे २०,००० चेतापेशींचा हा पुंजका असतो. अकराला तो जागे राहण्याचा इशारा देत असतो आणि शरीराचे तापमान चढत असते. पहाटे चारला तेच तापमान तळाशी असते. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेरां या शास्त्रज्ञांनी लाजाळूचे रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. पडदे ओढून आपले घड्याळही असे सहजी फसत नाही.

दुसरे उत्तर:
म्हणून पडदे निरुपयोगी आहेत, असे मात्र कोणी समजू नये. माणसाचे हे घड्याळ स्वभावतः सरासरी २४ तास १० मिनिटांच्या आसपास चालते आणि प्रकाशच ते रोज जुळवून घेतो. त्यासाठी डोळ्यांच्या पडद्यात मेलानोप्सिन हे प्रकाश टिपणारे द्रव्य असलेल्या वेगळ्या पेशी असतात व निळसर उजेड त्यांना विशेष जाणवतो. पाळी सुटल्यावर डोळ्यांवर येणारे सकाळचे ऊन घड्याळ पुढे ओढते, म्हणजे झोपेची व जागेची वेळ आणखी लवकर आणते; तुम्हाला हवे त्याच्या हे नेमके उलट. येताना गडद गॉगल लावावा, अर्थात गाडी दुसरे कोणी चालवत असेल तरच. शिवाय घड्याळ मुळातच किंचित लांबणारे असल्याने पहिली, दुसरी, तिसरी असा उशिरा सरकत जाणारा पाळ्यांचा क्रम शरीराला तुलनेने सोपा जातो. तुमच्याकडे कोणता आहे?

प्रश्नकर्ता:
तिसरीनंतर दुसरी, मग पहिली. म्हणजे उलटाच. कंपनीच्या बसमध्ये मी डावीकडे खिडकीशी बसतो आणि भोसरीपर्यंत ऊन थेट तोंडावर असते. जागा उद्याच बदलतो. क्रमाचा विषय युनियनच्या बैठकीत काढावा लागेल.