ट्रान्सप्लांट फार्मसीची पीजीवाय-टू रेसिडेन्सी: इथून जायचं कसं आणि तिथे शिकवतात काय?

निळी_कॅप्सूल
फार्म.डी.च्या सहाव्या वर्षाला आहे, पुण्यात इंटर्नशिप चालू आहे. किडनी आणि लिव्हर ट्रान्सप्लांटच्या पेशंटांच्या औषधांत रस आहे, म्हणून अमेरिकेतल्या ट्रान्सप्लांट रेसिडेन्सीबद्दल (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं पगारी प्रशिक्षण) वाचतेय. दोन प्रश्न आहेत. भारतातली पदवी घेऊन तिथवर पोचायचा रस्ता कोणता, आणि कुठे अडकायला होतं? दुसरं, त्या वर्षभरात रोज करतात काय? माहितीपत्रकांत 'क्लिनिकल एक्सलन्स'च्या पुढे काही कळत नाही. आतापासून काय वाचू तेही सांगा.

अर्धी_गोळी
आधी रस्ता.

तुमची फार्म.डी. सहा वर्षांची, त्यामुळे पहिला दरवाजा उघडा आहे. १ जानेवारी २००३ नंतर पास झालेल्या परदेशी पदवीधरांना किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो. चार वर्षांचं बी.फार्म. तिथेच बाद, आणि वर एम.फार्म. जोडून चार अधिक दोन असा हिशेब चालत नाही. हे कळायच्या आत लोक क्लासची फी भरून मोकळे होतात.

पुढचा क्रम असा: एनएबीपीकडून (तिथल्या राज्य फार्मसी बोर्डांची संघटना) एफपीजीईसी सर्टिफिकेट, म्हणजे परदेशी पदवी तिथल्या तोडीची असल्याचा दाखला. त्यासाठी एफपीजीईई ही परीक्षा आणि इंग्रजीची परीक्षा, दोन्ही. शिवाय महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलची नोंदणी हवी, म्हणजे इंटर्नशिप संपल्या संपल्या नोंदणी करून टाका. मार्कशीट आणि नोंदणीची पडताळणी विद्यापीठ आणि कौन्सिलकडून जाते. परीक्षेचा अभ्यास चार महिन्यांत होतो, विद्यापीठाच्या खिडकीवरचा कागद कधी हलेल ते सांगता येत नाही. अर्ज आजच टाका.

सर्टिफिकेट हातात आलं की पीजीवाय-वनला अर्ज करता येतो. पीजीवाय-वन म्हणजे एक वर्ष सर्वसाधारण रेसिडेन्सी, पीजीवाय-टू म्हणजे त्यानंतरचं एक वर्ष फक्त ट्रान्सप्लांट. थेट दुसऱ्यात उडी नाही. दोन्हीला मान्यता एएसएचपीची, म्हणजे तिथल्या हॉस्पिटल फार्मासिस्टांच्या संघटनेची. अर्ज फोरकास या पोर्टलवरून, तीन शिफारसपत्रांसह, बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, मॅचचा (उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीक्रमांची जुळणी) पहिला निकाल मार्चमध्ये, उरलेल्या जागांची दुसरी फेरी त्यामागोमाग. काम जुलैच्या आसपास सुरू.

अडकायला होतं ते मुख्यतः दोन जागी. पहिली लायसन्सची: सुरू झाल्यापासून १२० दिवसांत राज्याचं लायसन्स लागतं, म्हणजे औषधज्ञानाची नॅपलेक्स परीक्षा आणि बहुतेक राज्यांत कायद्याची एमपीजेई. परदेशी पदवीधराला त्याआधी इंटर्न तास भरावे लागतात, अनेक राज्यांत १५००. हे तास रेसिडेन्सी सुरू व्हायच्या आधी संपलेले हवेत, नाहीतर १२० दिवसांचं गणित जुळत नाही. दुसरी व्हिसाची: कित्येक प्रोग्रॅम जाहिरातीतच 'व्हिसा देत नाही' असं लिहितात. विद्यापीठाशी संलग्न ना-नफा हॉस्पिटलांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून सूट असते, म्हणून यादी तिथूनच चाळायला घ्या.

आडवाटही आहे: कोलोरॅडो विद्यापीठासारख्या ठिकाणी परदेशी फार्मासिस्टांसाठी वेगळी फार्म.डी. आहे. ती केली की पदवी अमेरिकन, एफपीजीईसीची भानगड नाही. पण खर्च दणदणीत. आणि रेसिडेन्सीत पगार तिथल्या नोकरदार फार्मासिस्टच्या साधारण निम्मा, हे कर्ज काढण्याआधी लक्षात असू द्या.

ट्रफ_बारा
+१. कागदपत्रांचं झालं, मी कामाचं सांगतो.

किडनी, लिव्हर, हार्ट, लंग असे महिना-दीड महिन्याचे टप्पे असतात. ट्रान्सप्लांट इन्फेक्शन, आयसीयू, ओपीडी, शिवाय एक संशोधन प्रकल्प आणि शिकवणं. प्रकल्पाची एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत मिळाली नाही तर वसंतातल्या परिषदेत दाखवायला आकडे नसतात. कामाची मर्यादा चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० तास. २००७ च्या केंद्रीय नियमांपासून तिथल्या ट्रान्सप्लांट टीममध्ये औषधशास्त्र जाणणारा माणूस असावाच लागतो, त्यामुळे राउंडला तुम्ही पाहुणे नसता. डोस तुम्हीच सुचवायचा आणि चुकला तर उत्तरही तुम्हीच द्यायचं.

रोजचा एक प्रसंग घ्या. किडनी बदलून तीन आठवडे. टॅक्रोलिमस (रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारणं, टाळणारं औषध) ४ मिग्रॅ दिवसातून दोनदा, रक्तातल्या लेव्हलचं लक्ष्य ८ ते १२ नॅनोग्रॅम प्रति मिली. ओपीडीत लेव्हल आली १९. नवखा लगेच म्हणतो, डोस निम्मा करा. इथे थांबायचं आणि विचारायचं: काल रात्रीची गोळी किती वाजता घेतली? ९ वाजता. रक्त किती वाजता दिलं? सव्वादहाला. आणि सकाळची गोळी? 'ती नऊला घेऊनच निघालो ना.' म्हणजे हा ट्रफ (पुढच्या गोळीआधीची सर्वांत खालची लेव्हल) नाही, गोळी घेतल्यानंतर सव्वा तासाने चढलेला आकडा आहे. डोस निम्मा केला असता तर चार दिवसांनी खरा ट्रफ ४ वर आणि रिजेक्शनला आमंत्रण. लेव्हल पुन्हा काढा, १२ तासांनी, गोळीच्या आधी.

वेळ बरोबर असेल तर पुढचे प्रश्न. जुलाब आहेत का? जुलाबात लेव्हल पडत नाही, चढते, कारण आतड्याच्या अस्तरात औषध मोडणारं एन्झाइम आणि ते परत बाहेर ढकलणारा पंप दोन्ही कमी पडतात. नवं औषध सुरू झालं का? वॉर्डात असेल तर रक्त कोणत्या लाइनमधून काढलं? टॅक्रोलिमस नळीच्या प्लॅस्टिकला चिकटून राहतं. लाइनच्या ज्या ल्युमेनमधून (आतल्या वाहिनीतून) दिलं त्यातूनच नमुना घेतला तर आकडा खोटा चढा येतो.

हे सगळं धुऊन निघाल्यावर मग त्रैराशिक. खरा ट्रफ ६, हवा ९, डोस ४, तर ६ मिग्रॅ दोनदा. कागदावर बरोबर. पण डोस कालच वाढवला असेल तर ६ हा आकडा अजून चढतोच आहे. मी ५ वर थांबेन आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघेन.

कॅरीबॅग
इथल्या पेशंटचा विचार करून एक भर. व्होरिकोनाझोल किंवा पोसाकोनाझोल ही बुरशीवरची औषधं सुरू केली की टॅक्रोलिमस एक तृतीयांश करतात, ३ चा १. हे सगळ्यांना पाठ असतं. विसरतात ते उलटं: बुरशीचं औषध बंद झालं, डिस्चार्जच्या कागदावर १ मिग्रॅ तसाच राहिला, आठवड्याभरात लेव्हल तळाला. बंद करण्याची तारीख आणि त्यानंतरच्या लेव्हलची तारीख एकाच ओळीत लिहा.

टीबी आपल्याकडे घरोघरची. रिफाम्पिसिन चालू झालं तर टॅक्रोलिमसची गरज कित्येक पटींनी वाढते, आणि थांबवल्यावर तो परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून शक्य तिथे रिफाब्युटिन. दुकानातून ब्रँड बदलून मिळाला तर तेही विचारा आणि लेव्हल काढा. पेशंट सांगतो 'गोळी तीच, डबी वेगळी'. आणि ग्रेपफ्रूट नको असं छापलेलं पत्रक कोकणातल्या माणसाला देऊन काय उपयोग? त्याला 'पपनस खाऊ नका' असं सांगा, जात तीच.

निळी_कॅप्सूल
धन्यवाद सगळ्यांना! कौन्सिल आणि विद्यापीठाचं काम उद्याच बघते. उपप्रश्न: मुलाखतीत केस देतात म्हणे. कशा प्रकारची?

ट्रफ_बारा
ठिकाणागणिक वेगळी, पण व्हॅलगॅन्सिक्लोविर, म्हणजे सीएमव्ही या व्हायरसला रोखणारं औषध, पक्कं करून जा. डोस ठरतो क्रिएटिनिन क्लिअरन्सवर (किडनी मिनिटाला किती मिली गाळते). उदाहरण सोडवू: वय ५०, पुरुष, ६० किलो, क्रिएटिनिन १.५. (१४० − ५०) × ६० = ५४००, भागिले ७२ × १.५ म्हणजे १०८, उत्तर ५०. ४० ते ५९ मध्ये बसतं, म्हणून ४५० मिग्रॅ रोज एकदा. पाच दिवसांनी नवी किडनी रुळली, क्रिएटिनिन १.१. आता ५४०० भागिले ७९.२, म्हणजे ६८. साठाच्या वर, डोस ९०० हवा. दात्याला सीएमव्ही होऊन गेलेला आणि पेशंटला नाही, अशा जोडीत ४५० वर राहून गेलं तर व्हायरस डोकं वर काढतो, वर औषधाला निर्ढावतो. या जोडीत किडनीसाठी साधारण ६ महिने देतात, पेशंटला आधी होऊन गेला असेल तर ३.

त्यावरचा ठरलेला उपप्रश्न: पांढऱ्या पेशी २ हजारांवर आल्या, काय कमी कराल? व्हॅलगॅन्सिक्लोविर अर्धं करू म्हणालात तर चेहरे पडतील. किडनीनुसार ठरलेल्या डोसखाली ते आणायचं नाही. पांढऱ्या पेशी घटवणारी बाकीची औषधं आधी: कोट्रायमॉक्साझोलला (जंतुसंसर्ग टाळणारं औषध) पर्याय बघा, मायकोफेनोलेट (रिजेक्शन रोखणारं आणखी एक औषध) कमी करता येतं का ते रिजेक्शनचा धोका तोलून टीमला विचारा, मग जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन).

अर्धी_गोळी
थायमोग्लोब्युलिनही (रिजेक्शन रोखायला शिरेतून देतात ते अँटिबॉडीचं औषध) विचारतात. ६० किलोला १.५ मिग्रॅ प्रति किलो म्हणजे ९०. वायल २५ मिग्रॅची, म्हणून ७५ की १०० याचं कारण देता आलं पाहिजे. पहिला डोस किमान ६ तास चालवायचा, नंतरचे किमान ४ तास, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून, आधी पॅरासिटामॉल, अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइड. प्लेटलेट ५० ते ७५ हजारांत आल्या किंवा पांढऱ्या पेशी २ ते ३ हजारांत आल्या तर डोस निम्मा, त्याखाली गेल्या तर थांबायचं. सकाळचा सीबीसी बघितल्याशिवाय फार्मसीने वायल फोडायची नाही. महागडं औषध आहे, एकदा कालवलं की परत बाटलीत जात नाही.