शब्दचर्चा : ‘सहयोगात्मक नवोन्मेष प्रकल्प’ गावच्या सूचनेत कसा लिहायचा?

प्रश्न (गुहागर)
ग्रामसभेच्या सूचनेसाठी वरून आलेली ओळ अशी आहे : ‘स्वच्छ ऊर्जा संक्रमणास पूरक सहयोगात्मक नवोन्मेष प्रकल्प’. काम एवढंच : बारा घरांत मिळून मासळी आणि आमसुलांसाठी एक सौर टनेल ड्रायर (उन्हाच्या उबेवर सुकवायचा, प्लास्टिकच्या कागदाचा बोगदा), आणि चार गोठ्यांचं शेण एकत्र करून २ घनमीटरचा एक गोबरगॅस. सूचना वाचून लोक यायला हवेत. शब्द सुचवा.

दापोली
‘संक्रमण’ (इथे एका इंधनावरून दुसऱ्यावर जाणं) आधी काढा. शब्द मराठीच आहे, मकरसंक्रमण आणि संक्रमणकाळ आपण म्हणतोच. पण हिंदीत तो रोगाच्या लागणीसाठी चालतो आणि करोनाच्या बातम्यांतून तो अर्थ इकडेही आला. ‘ऊर्जा रूपांतर’ही नको. शाळेच्या पुस्तकात त्याचा अर्थ प्रकाशाची वीज होणं असा ठरलेला आहे. ‘स्थित्यंतर’ अचूक, पण अग्रलेखातला. सूचनेत नाम कशाला हवं? ‘लाकूड आणि सिलिंडरऐवजी शेणाचा गॅस’ म्हटलं की झालं.

वेंगुर्ले
‘नवोन्मेष’बद्दल, म्हणजे ‘इनोव्हेशन’बद्दल. उन्मेष म्हणजे उघडणं, उमलणं. ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’ ही काव्यशास्त्रातली व्याख्या. इतका नाजूक शब्द बोंबलाच्या ड्रायरवर टांगू नये. २०१५ साली पॅरिसला ‘मिशन इनोव्हेशन’ सुरू झालं, भारत त्यात पहिल्यापासून आहे. देशादेशांनी स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनावरचा खर्च वाढवायचा आणि मिळून काम करायचं, तिथे ‘सहयोगी नवोन्मेष’ शोभेल. गावात ‘नवा प्रयोग’. दशावताराचा प्रयोग समजून कोणी आलं तर आलं.

कुडाळ
खरी अडचण ‘सहयोगात्मक’मध्ये आहे. कोणी काय घालायचं आणि कोणाला काय मिळायचं, हे त्यातून कळतच नाही. आपल्याकडे त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत.

‘सावड’ : आज माझ्या लावणीला तुम्ही, उद्या तुमच्या लावणीला मी. श्रमाची फेड श्रमाने. (अस्थी ‘सावडणं’ वेगळं, गोंधळ करू नका.) ‘पाती’ : वाटा. पातीदार म्हणजे वाटेकरी. ‘सहकारी’ : हा कायद्याचा शब्द झाला, १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली संस्था असेल तरच वापरा.

ड्रायरला सावड चालेल. पाळी लावा : पाळी असलेल्याने ड्रायरमधल्या जाळ्या भरायच्या, आदल्याने धुऊन द्यायच्या.

राजापूर
‘सामाईक’ का नाही? सामाईक विहीर म्हणतोच की.

कुडाळ
कोकणात ‘सामाईक’ म्हटलं की सातबारा आणि कोर्टाची तारीख आठवते. कागदावर बरोबर, सभेला मारक.

सावंतवाडी
गोबरगॅसला मात्र सावड हा शब्द लागू होत नाही, आणि त्याचं कारण हिशोबात आहे. १ घनमीटरला रोज २५ किलो शेण लागतं, म्हणजे २ घनमीटरला ५० किलो, आणि तेवढंच पाणी. आपली लहान चणीची गुरं दिवसभर रानात असतात, गोठ्यात रात्रीचंच शेण हाती येतं. जनावरामागे ५ किलो धरा, म्हणजे दहा जनावरं. चार गोठे त्यासाठीच लागतात. पण १ घनमीटर गॅस म्हणजे साधारण ०.४३ किलो सिलिंडरचा गॅस. २ घनमीटरवर पाच माणसांचं एक घर चालतं. चौघांत वाटायला गेलात तर सगळ्यांचाच चहा अर्धा राहील. शिवाय दाब कमी, लांब पाइप टाकला की शेवटच्या चुलीची ज्योत मरते. म्हणून गॅस एकाला, आणि बाकी तिघांना पचलेला काला बागेसाठी. याला ‘पाती’च म्हणा, आणि कोणाची किती ते सूचनेतच लिहा.

इथेच आणखी एक शब्द नीट करा. टाकीत जातं तेही ‘स्लरी’ आणि बाहेर येतं तेही ‘स्लरी’, मग कोणीतरी कच्चंच माडाच्या आळ्यात ओततो. माश्या, वास, वर मुळांना त्रास. ‘कच्चा शेणकाला’ आणि ‘पचलेला शेणकाला’ असं वेगळं लिहा. पचलेल्याला शेणाचा वास राहत नाही, हीच ओळख.

दापोली
गोबरगॅसच्या टाकीच्या पहिल्या भरणीबद्दलही एक ओळ हवी. दोन-तीन आठवड्यांनी येणारा पहिला गॅस पेटत नाही, त्यात हवा आणि कर्बवायू जास्त. तो सोडून द्यायचा. नाहीतर ‘प्रकल्प बंद पडला’ हा शब्दप्रयोग पहिल्याच महिन्यात रूढ होतो. ज्योत धडधडायला लागली तर पाइपात पाणी साठलंय. सखल जागी तोटी ठेवून ते काढायचं.

मालवण
ड्रायरला सरकारी कागद ‘सौर शुष्कक’ म्हणतो. कोणी म्हणणार नाही. ‘सौर वाळवणी’ बरं वाटलं, पण आपण मासळी ‘सुकवतो’ आणि पापड ‘वाळवतो’. सुकट म्हणतो, वाळकट नाही. तेव्हा ‘ड्रायर’च ठेवा.

वापराची सूचना मात्र स्पष्ट द्या. आतलं तापमान ५० अंशांवर गेलं की मासळी सुकत नाही, शिजते. मांस भुसभुशीत होतं. वरचा थर घाईने कडक झाला तर आत ओल अडकते आणि पुढे बुरशी येते. आणि हवेचे झरोके ‘ऊब जाते’ म्हणून बंद करू नका. किनाऱ्यावरची हवा आधीच दमट, वाफ बाहेर गेली नाही तर प्लास्टिकच्या कागदाच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि परत मासळीवरच ठिबकतात.

प्रश्न (गुहागर)
मसुदा असा केला : ‘लाकूड आणि सिलिंडर वाचवण्याचा नवा प्रयोग. सौर ड्रायर : बारा घरांची सावड. शेणाचा गॅस : चार गोठ्यांची पाती. मासळी व आमसुलं सुकवण्याची सोय.’

मालवण
शेवटच्या ओळीत ‘व’ नको. एकाच टनेलात मासळी आणि आमसुलं घातलीत तर आमसुलाला बांगड्याचा वास लागेल, आणि रसाची कितीही पुटं दिलीत तरी तो जाणार नाही. कोकमाचा हंगाम एप्रिल-मे, मासळी मेअखेरपर्यंत चालूच. ‘आमसुलांच्या जाळ्या वेगळ्या, एप्रिल-मेमध्ये मासळी बाहेर वलांडीवर’ (सुकवायच्या बांबूंवर) असं लिहा.