शब्दचर्चा : ट्रॉमाला ‘आघात’ म्हणावं की ‘धसका’?

लातूर
एका समुपदेशन केंद्राचं चार पानी पत्रक मराठीत आणायचं काम अंगावर घेतलंय आणि पहिल्याच ओळीत अडकलोय. विषय असा : आत बसलेल्या जुन्या भीतीवर शरीराच्या वाटेनं उपचार. घडलेलं सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावायचं नाही. आत्ता श्वास कुठं अडतोय, खांदे किती वर चढलेत, पोटात काय होतंय, तिकडं हळूहळू लक्ष न्यायचं. पीटर लेव्हिन यांची ‘सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग’ ही त्यातली नावाजलेली पद्धत.

ट्रॉमाला मी सरळ ‘आघात’ लिहिलं. शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “अर्धांगवायूचं औषध हाय का हे?” त्यांचं काय चुकलं? पक्षाघात, हृदयाघात, सगळे तिथलेच. बरं, ‘ट्रॉमा’ तसाच ठेवावा तर आमच्याकडं तो हायवेलगतच्या ‘ट्रॉमा केअर’च्या पाटीवर असतो, म्हणजे गाडी उलटलेल्या माणसासाठी. आणि ‘सोमॅटिक’ ऐकून काकूंनी विचारलं, हे फक्त सोमवारीच असतं का.

परभणी
पाटी बरोबर आहे. ट्रॉमा मूळ ग्रीक, अर्थ जखम. मनाच्या जखमेकडं तो शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वळला. सोमॅटिकमधला ‘सोमा’ही ग्रीकच, अर्थ देह. आपला सोम ‘सु’ म्हणजे पिळणे या धातूवरून आलेला, त्यामुळे सोमरसाचा नि या उपचाराचा संबंध नाही. सोमवारचा तर नाहीच.

‘कायचिकित्सा’ मात्र करू नका. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचं ते नाव आहे, वैद्यलोक भांडायला येतील. ‘देहोपचार’ म्हटलं की लोक मालिश समजतील.

अंबाजोगाई
‘आघात’ हा क्षणाचा शब्द आहे. झाला आणि संपला. पण पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागं राहणारा ताणाचा विकार, हे निदान १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत आलं, त्यातला मुद्दाच हा की घटना संपते आणि शरीराला मात्र ती संपल्यासारखी वाटत नाही. त्याला आपल्याकडं ‘धसका’ आहे की. ‘पोरानं कुत्र्याचा धसका घेतलाय’ म्हणतो तेव्हा कुत्रं समोर कुठं असतं? ज्वारी काढल्यावर रानात धसकट राहतं तसं. कणसं घरी आली, कडबा रचून झाला, तरी अनवाणी गेलं की पायात घुसतंच. ही व्युत्पत्ती नव्हे, नुसतं कानाला शेजारचं वाटलं म्हणून सांगितलं.

परभणी
व्युत्पत्ती नाही म्हणायचं आणि कानात घालून ठेवायचं! असो, शब्द मान्य. माझी अडचण क्रियापदाशी आहे. ‘धसका घेतला’ यात कर्ता कोण? भ्यालेलं माणूसच. जणू हात पुढं करून मागून घेतला. ‘हाय खाल्ली’चंही तेच. रोज मार खाणाऱ्या बाईबद्दल ‘तिनं धसका घेतला’ असं छापलं तर बोट कुणाकडं गेलं? ‘धसका बसला’ लिहा. बसलेलं उठवता येतं, हाही एक फायदा.

किल्लारीजवळचं गाव, आता मुक्काम पुणे
बोलू की नको करत होतो. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, गाव दमून झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवद खाली आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. आज्जी आणि मी वाचलो.

आज्जी पुढं कितीतरी वर्षं घरात झोपली नाही. नवीन वसाहतीत पक्कं घर मिळालं, तरी तिची बाज अंगणात. रस्त्यानं ट्रक गेला आणि मांडणीवरची ताटं वाजली की ही उंबऱ्याच्या बाहेर. ती काय म्हणायची? “काळीज जाग्यावर न्हाई.” “पोटात धस्स होतंय.” “हातापायातलं बळ गेलं.” प्रत्येक वाक्यात शरीराचा एक भाग. ‘मन’ हा शब्द मी तिच्या तोंडी ऐकला तो फक्त कीर्तनात.

म्हणून दोन सूचना. या उपचारांत ‘ग्राउंडिंग’ असतं : तळवे टेकवा, जमिनीचा आधार जाणवू द्या. आमच्याकडं हे वाक्य जपून लिहा. आमची हललीच मुळी जमीन. हिंगोली-वसमतकडं ती अजून अधूनमधून हलते. आज्जीला बाजेची दोरी हातानं घट्ट धरली की बरं वाटायचं. तेव्हा ‘जमीन’ न लिहिता ‘हाताला किंवा पाठीला आधार वाटेल असं काही’ म्हणा.

दुसरं, ‘फ्रीझ’, म्हणजे भीतीनं जागच्या जागी खिळणं. पुण्यात मी ‘गोठणे’ छापलेलं पाहिलंय. आपल्याकडं काय गोठतं हो? आपल्याकडं थिजतं. त्या पहाटे मी ओरडलो नाही, पळालो नाही, थिजलो. आणि थिजलेलं तूप भडक्या आचेवर धरलं की करपतं. उन्हात ठेवायचं, आपोआप पातळ होतं. लेव्हिन ज्याला ‘टायट्रेशन’ म्हणतात, म्हणजे थोडं थोडं करत जाणं, ते मला एवढंच समजलंय.

परभणी
टायट्रेशनला रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘अनुमापन’ आहे. पत्रकात घातलंत तर काकू दहावीच्या परीक्षेला बसवल्यागत बघतील.

नांदेड
सगळे छान लिहायलाव, पण एक थंड पाणी टाकतो. आपल्या म्हणी शरीराच्या आहेत म्हणून उपचार सिद्ध होत नाही. छातीत धस्स होतं हे खरं. अमुक पद्धतीनं ते जातं का, हा वेगळा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा ‘ईएमडीआर’ सुचवला. लेव्हिन यांच्या पद्धतीच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. तेव्हा ‘धसका जातो’ असं ठोकून देऊ नका, ‘हलका व्हायला मदत होऊ शकते’ म्हणा. आणि छातीत खरंच दुखत असेल तर आधी डॉक्टर, ही ओळ ठळक टाका. धसका समजून घरी बसलेला हार्टॲटॅक फार महागात पडतो.

लातूर
नांदेडच्या सरांची ओळ पहिल्या पानावर घेतली. बाकी ठरलं ते असं : ट्रॉमा = बसलेला धसका. फ्रीझ = थिजणे. टायट्रेशन = झेपेल तेवढंच. शरीर सैल पडतं, थरथर निवते, मोठा श्वास येतो, त्याला पाठ्यपुस्तकी ‘विसर्जन’ सुचवलं होतं एकानं. किल्लारीच्या दादांचं वाचल्यावर ते खोडलं. ‘अंग मोकळं होणे’ ठेवलंय. नावाला अजून मनासारखं काही सापडलं नाही, तूर्त ‘शरीराच्या मार्गानं मानसोपचार’. लांब आहे, पण मालिश वाटत नाही.

काल काकूंना पुन्हा वाचून दाखवलं. ‘धसका बसलेल्या माणसाला थिजल्यासारखं होतं’ इथं मान हलवली. पुढं पुरतं ऐकून घेतलं, जरा वेळ गप्प बसल्या, आणि म्हणाल्या, “पत्ता मोठ्या अक्षरात टाक. मला चष्म्याबिगर दिसत न्हाई.”