मदत हवी आहे : शाळेच्या स्पर्धेसाठी बुद्धिबळाचे सेट कुठले घ्यावेत? (अंबारीवाल्या सोंगट्यांचा घोळ)

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितेय पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, निर्णय याच महिन्यात घ्यायचाय आणि आमच्या इथे विचारावं असं कुणी नाही.

मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते, आणि शनिवारी दुपारी मुलांना बुद्धिबळ शिकवते, फी वगैरे काही नाही. आधी दहा-बारा मुलं यायची, त्यात मुली दोनच. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बटुमीला महिला वर्ल्डकप जिंकला आणि पुढच्याच शनिवारी सहा नव्या मुली दारात उभ्या, आता चाळीसेक मुलं येतात आणि जवळपास निम्म्या मुली आहेत. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आसपासच्या शाळांची एक छोटी रॅपिड स्पर्धा घेतली, २० बोर्ड, प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंद वाढीव.

त्यातल्या १२ बोर्डांवरचे सेट आम्हाला भेट मिळालेत. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने वडिलांच्या स्मरणार्थ दिले, लाकडी, हाताने कोरलेले, प्रत्येक पेटीच्या झाकणावर वडिलांचं नाव. दिसायला इतके देखणे की मुलं पहिल्या दिवशी खेळलीच नाहीत, नुसती हातात घेऊन बघत बसली. राजा हत्तीवर अंबारीत बसलाय, वजीरही हत्तीवर अंबारीतच, कोपऱ्यातल्या हत्तीवर माहूत, उंट खराखुरा उंट, प्यादी म्हणजे भाला घेतलेले शिपाई. म्हणजे बघा, एका बाजूला चार हत्ती झाले. राजा साडेदहा सेंटिमीटर, वजीर दहा. फरक काय तो राजाच्या डोक्यावरच्या छत्रीचा, ती पण चार सेटमध्ये तुटलीय. आणि सगळ्यांची तोंडं समोरच्याकडे, त्यामुळे खेळणाऱ्याला आपल्या सोंगट्यांची फक्त पाठ दिसते.

झालं असं की चौथ्या फेरीत आमच्या पाचवीतल्या एका मुलीकडे समोरच्यापेक्षा एक उंट जास्त होता, छान खेळत होती. समोरच्याने हत्ती तिच्या पहिल्या पट्टीवर आणून शह दिला. साधा शह होता, राजा एक घर वर घेतला की संपलं. घड्याळात तिची ४० सेकंद उरलेली, तिने हात पुढे केला आणि वजीर उचलला. राजा समजून. मी शेजारीच उभी होते, तिची बोटं अंबारीवर टेकल्या टेकल्या थांबली ते मी बघितलं, तिला लगेच कळलं होतं. समोरचा मुलगा म्हणाला टच मूव्ह, म्हणजे हात लावलेली सोंगटीच चालवायची, आणि तो बरोबरच होता. वजिराला एकच कायदेशीर चाल होती, राजा आणि हत्तीच्या मध्ये पडायचं. पडला, हत्तीने मारला, तिने राजाने हत्ती मारला, म्हणजे हत्तीच्या बदल्यात वजीर गेला आणि डाव पण गेला. पंच मीच होते. नियम वाकवला नाही, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही मला, कारण चूक तिची नव्हती, मी तिच्यापुढे जे मांडलं होतं त्याची होती.

त्यानंतर मी फिडेचे (जागतिक बुद्धिबळ महासंघाचे) मापाचे नियम बघितले आणि पट्टी घेऊन बसले. राजा ९.५ सेंमी, वजीर ८.५, उंट ७, घोडा ६, हत्ती ५.५, प्यादं ५, यात १० टक्के इकडेतिकडे चालतं पण उंचीचा क्रम मोडायचा नाही. बुडाचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के. घर ५ ते ६ सेंमी, आणि एका घरात चार प्यादी मावली पाहिजेत. आमच्या बोर्डाचं घर ५ सेंमी, प्याद्याचं बूड ३, चार सोडा तीन पण मावत नाहीत. हत्तींची बुडं लांबट आहेत त्यामुळे किल्लेकोट केला (राजा आणि हत्ती एकाच चालीत शेजारी आणले) की राजा आणि हत्ती एकमेकांना ढकलतात.

आता प्रश्न. २० सेट आणि २० बोर्डांसाठी आमच्याकडे १८ हजार आहेत, त्यात लाकडी जमतील का प्लॅस्टिकच घ्यावेत? प्लॅस्टिकमध्ये पोकळ आणि वजनवाले असे दोन प्रकार दिसतात, किमतीत बराच फरक आहे, तो खरंच मोजण्यासारखा आहे का? काळ्या-पांढऱ्याऐवजी लाल-पांढरा सेट चालतो का, मुलांना तो आवडलाय. पुढच्या वेळी एक दृष्टिहीन मुलगा भाग घेणार आहे, त्याच्यासाठी काय लागेल? आणि सगळ्यात अवघड म्हणजे समितीतले एक ज्येष्ठ सर म्हणतात की आपल्या भाषेत हत्ती आणि उंट असताना हत्तीच्या जागी बुरूज असलेल्या इंग्रजी सोंगट्या कशाला, खेळ आपला आहे. मला त्यांचं म्हणणं उडवून लावायचं नाहीये, पण उत्तर काय द्यावं कळेना. शिवाय सेट देणाऱ्यांना वाईट वाटू नये.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम करतोय. तुम्ही नियम लावला ते योग्यच, आणि तुम्हाला वाईट वाटलं तेही योग्यच.

लाकडी या पैशात विसरा. लाकडी सेटची किंमत घोड्यात असते, बाकी सगळं लेथवर निघतं पण घोडा हाताने कोरावा लागतो, अमृतसरला तर फक्त घोडेच करणारे कारागीर आहेत. स्वस्त लाकडी सेट घेतला की पहिल्याच वर्षी घोड्याचे कान जातात, मुलांच्या हातात तर सहा महिन्यांत. प्लॅस्टिकच घ्या पण वजनवाले. पोकळ सोंगट्या शाळेच्या हॉलमध्ये पंखा पाचवर असला की प्यादी आपोआप सरकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि शेवटच्या मिनिटात घाईत कुणाच्या बाहीने दोन सोंगट्या पडल्या की ज्याने पाडल्या त्याने स्वतःच्या वेळात लावायच्या असतात, तिथून भांडणं सुरू होतात. बुडात लोखंडाचा तुकडा आणि खाली फेल्ट असलेला, पावणेचार इंची राजाचा सेट घ्या, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर. बोर्ड गुंडाळायचा रेक्झिनचा, सव्वादोन इंची घराचा, म्हणजे ५.७ सेंमी. राजाचं बूड साधारण ४.४ येतं, ते घराच्या तीन चतुर्थांशापेक्षा थोडं जास्त, हाताला आणि डोळ्याला तेच बरं पडतं. चकचकीत पॉलिशवाले घेऊ नका, ट्यूबलाइट त्यात चमकते. लाल सेट चालतो असं म्हणणारे भेटतील पण गडद बाजू काळी किंवा तपकिरी ठेवा, वाद नको.

आणि प्रत्येक सेटमध्ये जास्तीचे दोन वजीर असलेच पाहिजेत, म्हणजे ३४ सोंगट्या. प्यादं शेवटच्या घरात गेलं की त्याचा वजीर करता येतो, आणि दुसरा वजीर मिळाला नाही की मुलं हत्ती उलटा ठेवतात, आणि नियमाप्रमाणे उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच धरला जातो, वजीर नाही. त्यावर रडलेली मुलं मी खूप बघितलीत. वजीर जवळ नसेल तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं, हे फेरी सुरू व्हायच्या आधी माइकवर सांगा.

दृष्टिहीन मुलासाठी दोन बोर्ड लागतात, एक समोरच्याचा नेहमीचा आणि एक त्याचा वेगळा. त्याच्या बोर्डावर काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घरात भोक, सोंगटीच्या बुडाला खुंटी, आणि काळ्या सोंगट्यांवर बोटाला कळेल अशी खूण. चाली मोठ्याने सांगायच्या. त्याची सोंगटी भोकातून बाहेर निघाली की मग हात लागला असं धरतात, नुसती चाचपली तर नाही, हे समोरच्या मुलाला आधी समजावून सांगा. आणि हा सेट पण स्टाँटन घडणीचाच (स्पर्धांमधल्या नेहमीच्या, बुरूजवाल्या सोंगट्यांचा) लागतो, नियमातच तसं आहे.

प्रतिसाद २

सरांच्या मुद्द्याबद्दल लिहितो, कारण मला जुने सेट बघायचा नाद आहे.

हत्ती-उंटवाले कोरीव सेट आपल्याकडे झाले हे खरं, पण त्यातले पुष्कळसे शोभेसाठी होते. मुर्शिदाबाद-बहरामपूरकडे हस्तिदंतात कोरलेले सेट तर कंपनी सरकारचे साहेब लोक हौसेने विकत घ्यायचे. रोज खेळणाऱ्यांच्या सोंगट्या लेथवर उतरवलेल्या, गोलसर, कुठलंच तोंड-पाय नसलेल्या असायच्या, कारण हाताला त्याच सोयीच्या. म्हणजे साधी सोंगटी ही काही फक्त इंग्रजांची अक्कल नाही.

युरोपात पण हाच घोळ होता. प्रत्येक देशाची घडण वेगळी, फ्रान्सच्या जुन्या सेटमध्ये वजीर आणि उंट ओळखताना परक्या माणसाचा गोंधळ व्हायचा. मग १ मार्च १८४९ ला नॅथॅनिएल कुकने लंडनमध्ये एक घडण नोंदवली, जॅक्स कंपनीने ती बनवली आणि हॉवर्ड स्टाँटन या खेळाडूने तिला आपलं नाव दिलं. तिच्यात प्रत्येक सोंगटीला एकच मोठी खूण आहे, राजाला क्रॉस, वजिराला दातेरी मुकुट, उंटाला चीर, हत्तीला तटबंदी, आणि घोडा सोडला तर सगळ्या गोल, त्यामुळे पाठ-तोंड हा प्रश्नच येत नाही. तुमच्या त्या मुलीला नेमकं हेच हवं होतं. क्रॉस नको असेल तर १९५० च्या डुब्रोव्हनिक बुद्धिबळ ऑलिंपियाडसाठी केलेला सेट बघा, त्यात राजावर क्रॉस नाही आणि जगज्जेत्या बॉबी फिशरला तो फार आवडायचा.

नावं बदलायची काही गरज नाही हो. बुरूज दिसला तरी आपण हत्तीच म्हणतो, माझे आजोबा पण म्हणायचे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार, मी दोन्ही प्रतिसाद प्रिंट काढून समितीत वाचून दाखवले. सर म्हणाले की रोजच्या सोंगट्या साध्याच असायच्या हे माझ्या वडिलांकडे मीच बघितलंय, विसरलो होतो. सेट देणाऱ्यांना मी स्वतः फोन केला आणि त्या डावाचं सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले वडील असते तर पोरीची बाजू घेतली असती. त्यांचे सेट आता पहिली-दुसरीच्या मुलांना सोंगट्यांची नावं शिकवायला वापरतोय, त्यांना खरा हत्ती आणि खरा उंट हातात मिळतो आणि तिथे घड्याळ नसतं.

वजनवाला एक सेट नमुन्याला मागवला. त्या मुलीला डोळे मिटून राजा आणि वजीर ओळखायला सांगितलं, तिने दोनदा बोट फिरवून बरोबर सांगितलं, तिसऱ्यांदा मला करायला लावलं.

आता फक्त एक अडलंय, दुकानदार ३२ चेच सेट देतोय आणि जास्तीच्या वजिरासाठी अख्खा सेट घ्या म्हणतोय. सुटे वजीर, त्याच मापाचे आणि वजनवाले, पुण्यात किंवा कोल्हापुरात कुठे मिळतील? ४० लागतील, २० काळे २० पांढरे.