आईच्या बीएएलमध्ये लिम्फोसाइट ४८ टक्के : कबुतरं की सार्कॉइड?

मंडळी, फुफ्फुसाच्या आजारांतलं कुणी जाणकार असेल तर मदत करा.

आई ६३ वर्षांची, गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. दिवाळीपासून कोरडा खोकला, जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच धाप. मुंबईत खोकला लांबला की आधी टीबी शोधतात. तो शोधून झाला, जीनएक्सपर्ट निगेटिव्ह. मग ब्रॉन्कोस्कोपीत सलाइन सोडून फुफ्फुसाचं धुवण (बीएएल) काढलं. त्यातल्या पेशी : मॅक्रोफेज ४०, लिम्फोसाइट ४८, न्यूट्रोफिल १०, इओसिनोफिल २ टक्के. सीडी४-सीडी८ (लिम्फोसाइटचेच दोन प्रकार) गुणोत्तर ०.९.

मी वाचलं ते असं : विडी-सिगरेट न ओढणाऱ्याच्या धुवणात मॅक्रोफेज ८५ च्या वर, लिम्फोसाइट फार तर १५. सार्कॉइडमध्येही (फुफ्फुसात नि लसिका गाठींत सुजेचे बारीक पुंजके होणारा आजार) लिम्फोसाइट वाढतात, पण तिथे गुणोत्तर ३.५ च्या वर गेलं तर संशय पक्का होतो. एक डॉक्टर म्हणतात कबुतरांमुळे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून गेलेल्या कणांच्या अ‍ॅलर्जीने फुफ्फुसाला येणारी सूज. दुसरे म्हणतात, सार्कॉइड नाही असं मी लिहून देणार नाही. ०.९ म्हटल्यावर सार्कॉइड बाद होत नाही का?

कबुतरं आहेतच. बाबा गेल्यापासून आई रोज ग्रिलमध्ये मूठभर ज्वारी टाकते. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली त्या दिवशी ती जेवली नव्हती. नुसत्या संशयावर ती ऐकायची नाही.

आणि एक घोळ. धुवण काढण्याआधी आठ दिवस फॅमिली डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं होतं. त्याने आकडे बदलतात का?

प्रतिसाद १
ताई, चेस्ट वॉर्डात काही वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. एकट्या गुणोत्तरावर जाऊ नका. सार्कॉइडमध्ये ते दरवेळी वाढतंच असं नाही, आणि कबुतरवाल्यांत कधी वाढलेलंही सापडतं. स्टेरॉइडने लिम्फोसाइट उतरू शकतात. तरी ४८ आले, हे लक्षात घ्या. एचआरसीटीत (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) छातीतल्या लसिका गाठी मोठ्या आहेत का, म्हणजे सार्कॉइडकडे बोट? श्वास सोडून काढलेल्या फोटोत हवा अडकलेली दिसते का, म्हणजे कबुतरांकडे? दोन्ही डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून बघायला हवं. ज्वारी मात्र आजच बंद. विष्ठा कोरडी झाडू नका, ओली करून काढा, तेव्हा आई घरात नको.

धागाकर्ती
आभार दादा. गाठींचा उल्लेख नाही, 'मोझेक' (फुफ्फुस ठिकठिकाणी फिकं-गडद दिसणं) असा शब्द आहे. श्वास सोडून फोटो काढलेलाच दिसत नाही, उद्या विचारते. ज्वारीचा डबा मी कांदिवलीला आणलाय, आईने दोनदा फोन केला.