नव्या घराच्या आवारातलं हे उंच झाड कुठलं? ठेवायचं की काढायचं? (सोलापूर)

अंगणवाली

नमस्कार मंडळी. होटगी रोडच्या एका जुन्या सोसायटीत आम्ही बैठं घर घेतलं, होळी झाल्यावर राहायला आलो. आधीचे मालक मुलाकडे हैदराबादला गेले. जाताना त्यांनी बोअर किती खोल आहे, ड्रेनेजचं झाकण कुठल्या फरशीखाली आहे, सगळं व्यवस्थित समजावून दिलं. आवारातल्या झाडाबद्दल मात्र "शोभेचं म्हणून कुणीतरी लावलेलं, आमच्या आधीपासून आहे" एवढंच. नाव त्यांनाही माहीत नव्हतं.

झाड नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आहे, कंपाउंडच्या भिंतीपासून दोन हात आत. बुंधा सरळसोट, माझ्या कवेत मावत नाही. शेजाऱ्यांच्या दोन मजली घराच्या गच्चीवर जाऊन बघितलं तरी मान वर करावी लागते. पसारा फारसा नाही, सगळा जोर उंचीवर. साल मळकट पिवळसर-करडी, उभ्या भेगा पडलेली. आम्ही आलो तेव्हा अर्ध्या फांद्या उघड्या होत्या. आता एप्रिल संपत आला, सावलीतसुद्धा चटके बसतात, आणि हे मात्र हिरवंगार. मुख्य देठाला बाजूचे देठ, त्या देठांना आणखी बारके देठ आणि त्यांवर टोकदार छोटी पानं. फूल नाही, फळ नाही, शेंग नाही. भिंतीच्या कडेनं जमिनीतून बारकी रोपं उगवतात, उपटली की पुन्हा येतात. एक तर धुण्याच्या दगडाला खेटून आलंय.

आता नावं ऐका. सासरे म्हणतात शेवगा, शेंगा न येणारा. सासूबाई म्हणतात बकाण निंब, आणि त्याची फळं विषारी असतात म्हणून त्या नातीला तिकडं फिरकू देत नाहीत. इस्त्रीवाला म्हणतो कडुनिंब. मागच्या गल्लीतल्या तेलुगू आजी आमच्या फाटकाशी थांबून वर बघतात, "आकाशमल्ले" म्हणतात आणि हसून पुढं जातात. चारचाकीसाठी पत्र्याचं शेड मारायला बोलावलेला कंत्राटदार म्हणतो, "जंगली झाड हाय मॅडम, भिंत पाडणार. लाकूड मला द्या, तोडायची मजुरी घेत नाही."

मी एका चादरीच्या कारखान्यात हिशेब बघते. पावतीशिवाय व्हाउचर पास करायची सवय नाही, त्यामुळे कुणी ठामपणे बोललं म्हणून मी झाड पाडणार नाही, आणि ठेवणारही नाही. लेक दीड वर्षाची आहे, हाताला लागेल ते तोंडात घालते. तेव्हा आधी ओळख, मग निर्णय. खोडाचे आणि पानांचे फोटो जोडलेत.

मोहोळचा_शेतकरी

ताई, हे मलबार नीम दिसतंय. आमच्याकडं बांधावर लावलंय लोकांनी, प्लायवूडवाले घेतात. असंच सरळ वाढतं आणि पान पण असंच फाटं-फाटं असतं. कंत्राटदार फुकट तोडतो म्हणतोय ते उगीच नाही. लाकूड फुकट देऊ नका, एवढं ऐका.

अंगणवाली

@मोहोळचा_शेतकरी दादा, लाकडाचा भाव बाजूला ठेवू, पण त्याच्या फुकट या शब्दावर मलाही शंका आली होतीच.

निसर्गभटक्या

फोटोवरून अंदाज आहे, पण तुम्ही पुरावा मागताय तर तीन गोष्टी बघून सांगा.

एक, पानं फांदीवर समोरासमोर जोडीनं आहेत का, की एक इकडे एक तिकडे अशी? बारकी पानं बघू नका, ती फसवतात. जिथे अख्खं पान फांदीला चिकटतं ती जागा बघा.

दोन, सालीत अंगठ्याचं नख दाबा. आत जातं का?

तीन, ती बारकी रोपं उपटण्याआधी एखाद्याच्या बुडाशी माती उकरा. स्वतंत्र मूळ आहे की झाडाच्याच आडव्या मुळावरून ते वर आलंय?

कडुनिंब आत्ताच यादीतून काढा. त्याचं पान एकदाच विभागलेलं असतं: एक देठ आणि दोन्ही बाजूंना करवती कडांची पानं. तुमच्याकडचं दोन-तीनदा विभागलंय. शेवगा, बकाण, मलबार नीम या तिघांची पानं साधारण अशीच विभागलेली असतात, म्हणून घरातले आणि दादा जे म्हणतायत त्यात तथ्य आहे. पण शेवग्याची बारकी पानं टोकाला गोलसर असतात, तुमची टोकदार आहेत. आणि या तिघांतही पानं फांदीवर एकाआड एक येतात, समोरासमोर नाही.

बकाणाबद्दल सासूबाईंची काळजी रास्त आहे, त्याची फळं माणसाला खरोखर विषारी. पण बकाण हिवाळ्यात निष्पर्ण होतो तेव्हा पिवळट गोट्यांसारख्या फळांचे घोस फांद्यांवर लोंबत राहतात. होळीला तुम्हाला उघड्या फांद्यांवर किंवा खाली तसं काही दिसलं होतं का?

अंगणवाली

आज सकाळी नळाला पाणी येण्याआधी हेच उरकलं.

पानं समोरासमोर आहेत. शिडी लावून तीन वेगवेगळ्या फांद्या बघितल्या, प्रत्येक ठिकाणी जोडी. नवऱ्यानं मोबाइलवर फोटो काढले, सोबत टाकतेय.

नख सालीत सहज गेलं. वरची साल मऊ, दाबली तर दबते. थर्मासच्या जुन्या बुचासारखी. एक ढलपी निघाली ती बादलीत टाकली, तरंगते.

धुण्याच्या दगडापाशी उकरलं. काळी माती वाळून दगड झालेली, खुरप्याचा दांडा हलला, पण मूळ सापडलं. अंगठ्याएवढं जाड, आडवं, झाडाच्या दिशेनं गेलेलं. रोप त्याच्यावरच उभं आहे.

पिवळी फळं नव्हती. आल्या दिवशी सगळं आवार मीच झाडलं, वाळकी पानं आणि काटक्या सोडून काही नव्हतं. सासूबाईंना हे सांगितलं, त्यांनी "बरं" म्हटलं आणि नातीला उचलून आत नेलं.

निसर्गभटक्या

मग संपलं. तुमच्याकडे बुचाचं झाड आहे. आकाशनिंब किंवा गगनजाई असंही म्हणतात. शास्त्रीय नाव मिलिंगटोनिया हॉर्टेन्सिस. निंब नुसता नावात, कडुनिंबाशी काही नातं नाही. याचं कूळ टेटूचं आणि नीलमोहराचं. मूळचं म्यानमार आणि त्यापलीकडच्या आग्नेय आशियातलं, आपल्याकडे बागांतून आणि रस्त्यांच्या कडेनं लावलेलं. तुमच्या तेलुगू आजींनी पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं.

फुलं पावसाळा सरता सरता, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून. पांढरी, बोटभर लांब नळीची, गोड वासाची. रात्री उमलतात, पतंग त्यांच्यावर येतात, आणि सकाळी जमिनीवर सडा. तुम्ही होळीनंतर आलात म्हणून तुम्हाला दिसली नाहीत, तोवर बहर संपलेला असतो. शेंग चपटी आणि लांब, आत पंख असलेलं बी, पण आपल्याकडे ती क्वचितच धरते. झाड वाढतं ते मुळावरच्या फुटव्यांनी. तुम्ही वैतागून उपटताय तेच ते. साल पूर्वी हलक्या प्रतीची बुचं करायला वापरत.

बकाणाच्या फळांची भीती या झाडाला लागू नाही. अर्थात लेकीला झाडाचं काहीच चघळू देऊ नका, ते कुठल्याही झाडाबाबत.

पत्रातालीमचा_बंड्या

फुलं झकास आहेत ओ ताई, आमच्या शाळेत होतं. मुली त्या लांब दांड्या एकमेकींत गुंतवून दोऱ्याबिगर वेणी करायच्या, आम्ही पुंग्या वाजवायचो आणि छड्या खायचो. पण दुसरी बाजू पण ऐका की. लाकूड एकदम कच्चं. वळवाच्या पावसात वारं सुटलं की फांदी काडकन मोडते, वाकायचं नाव नाही. आमच्या काकांच्या दारात होतं, मे महिन्यात एक फांदी पत्र्यावर आली, पत्रा आणि खालची लुना दोन्ही चपटं. तुम्ही शेड त्याच्याखालीच मारणार असाल तर गाडीचा विमा बघून ठेवा.

सुगरण_अक्कलकोट

माझी आपली एक शंका. सुवासाच्या झाडाला साप येतात म्हणे. रातराणीला येतात तसे याला येणार नाहीत का? लहान मूल आहे घरात म्हणून विचारते.

निसर्गभटक्या

@सुगरण_अक्कलकोट ताई, फुलांच्या वासानं साप येत नाही, रातराणीलाही नाही. तो उंदीर, बेडूक, पाली यांच्या मागावर येतो आणि लपायला अडगळ बघतो. @अंगणवाली, बांधकामाच्या विटा किंवा फरश्यांचा ढीग झाडाखाली असेल तर तो आधी हलवा.

@पत्रातालीमचा_बंड्या यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. ठिसूळ लाकूड हाच या झाडाचा मोठा दोष. घराला चिकटून असतं तर मी वेगळा सल्ला दिला असता. भिंतीच्या कोपऱ्यात आहे, पसारा कमी आहे, तर माझं मत ठेवा असंच. पण शेड त्याच्याखाली नको, दुसऱ्या बाजूला घ्या. वाळलेल्या आणि घराकडे किंवा रस्त्याकडे झुकलेल्या लांब फांद्या वळीव सुरू होण्याआधी हलक्या करून घ्या. शेंडा मात्र छाटू देऊ नका. तिथून चार-पाच नवे धुमारे एकाच जागी फुटतात, त्यांचा जोड कमकुवत असतो आणि पुढे तेच तुटतात. फुटवे वरून खुडण्यात अर्थ नाही, माती उकरून मुळापाशी कापा. काही पुन्हा येतीलच, धुण्याच्या दगडाजवळचे आणि ड्रेनेजच्या बाजूचे मात्र वाढू देऊ नका.

आणि कंत्राटदाराला एक सांगा. 1975 च्या राज्याच्या वृक्ष कायद्याप्रमाणे शहरात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो फुकट तोडून लाकूड घेऊन जाईल, नोटीस येईल ती घरमालकाच्या नावानं. मोठ्या फांद्या छाटायच्या तरी आधी उद्यान विभागात अर्ज देऊन पोच घ्या.

मोहोळचा_शेतकरी

समोरासमोर पानं म्हणजे मलबार नीम नाही, मान्य. बांधावर जाऊन बघितलं, आमची एकाआड एक आहेत. मग याच्या लाकडाला भाव काय?

निसर्गभटक्या

प्लायवूडवाल्याकडे नेण्यासारखं काही नाही दादा. जळण होईल.

अंगणवाली

पोच हा शब्द वाचून फार बरं वाटलं. अर्ज लिहून झालाय: दोन फांद्या, एक घराकडे झुकलेली, एक रस्त्यावर. शेड आता फाटकाच्या उजव्या हाताला. कंत्राटदार म्हणतो तिकडं खांब रोवायला खडक लागेल, खर्च वाढेल. मी म्हटलं वाढीव खर्चाचं अंदाजपत्रक कागदावर आणा, मग बोलू. झाडाच्या लाकडाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

सासऱ्यांनी शेवगा मागे घेतलेला नाही. "पुढच्या वर्षी शेंग येईल, तेव्हा बोला" म्हणतात.

फुटव्यांचं काय करू? भिंतीकडेला पाच-सहा चांगले ढोपराएवढे झालेत. टाकून द्यायला जिवावर येतं, आणि आवारात दुसरं झाड लावायला जागा नाही.

पत्रातालीमचा_बंड्या

एक मला ठेवा ताई. आमच्या शाळेतलं पाडलं मागं, पटांगणाच्या कडेला जागा रिकामीच आहे आणि तिथं पत्रा-बित्रा काही नाही. हेडमास्तरांना मी विचारतो.

निसर्गभटक्या

आत्ता काढू नका, या उन्हात जगणार नाहीत. चांगले दोन पाऊस होऊन माती भिजली की काढा. फुटव्यासोबत आडव्या मुळाचा वीतभर तुकडा दोन्ही बाजूंनी यायला हवा, नुसती काडी उपटली तर लागत नाही. पानं निम्मी कमी करा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा.

पत्रातालीमचा_बंड्या

चालतंय. मृग लागला की आसरा चौकात येऊन फोन करतो, गोणपाट माझं मी आणतो. खुरपं पण आणू का? तुमच्याचा दांडा हललाय म्हणालात.